औषधांची आणेवारी

माझ्या हातून आयुष्यात बरीच कामं बिघडली आहेत. साहेबांच्या पुतणीच्या लग्नाला म्हणून मी एकदा चुकून शेजारच्या मंगल कार्यालयात शिरलो, पोटभर जेवलो, आहेर दिला आणि घरी येऊन झोपलो. चूक कळली ती तिसऱ्या दिवशी, साहेबांनी 'आला नाहीत' म्हणून विचारलं तेव्हा. अशा गोष्टी मी रंगवून सांगतो. लोक हसतात, वर चहा पाजतात. एक गोष्ट मात्र अशी आहे की लोक निम्म्यापर्यंत हसतात आणि मग कपातल्या सायीकडे बघत बसतात. म्हणून ती मी सहसा सांगत नाही. ती डॉक्टरांची गोष्ट.

नाशकात त्यांना 'आणेवाले डॉक्टर' म्हणत. रविवार कारंजावरून आत वळलं की एका बोळात त्यांचा दवाखाना होता. खाली दवाखाना, वर घर. मुंबईला शिकलेले एमबीबीएस. उंच, जरा वाकलेले, शर्टाच्या बाह्या भर वैशाखातही मनगटापर्यंत बंद. आवाज इतका हळू की पेशंटला पुढे झुकावं लागे आणि निम्मे पेशंट आपल्याला काहीतरी भयंकर झालंय अशा समजुतीने आधीच पांढरे पडत.

आणेवाले म्हणायचं कारण असं. डॉक्टर कुठलंही औषध देताना त्याचा गुण येईल याची त्यांना स्वतःला किती खात्री आहे, ते आण्यांत सांगत. नुसतं सांगत नसत, केसपेपरच्या उजव्या कोपऱ्यात लिहून त्याभोवती गोल करत. हिवतापाच्या गोळ्या, पंधरा आणे. न्यूमोनियाला इंजेक्शन, चौदा. जुन्या खोकल्याला अडुळशाचा काढा, सहा. चामखिळीला होमिओपॅथीच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्या, तीन. हो, काढे आणि साबुदाणाही ते देत. एमबीबीएस असून देत, हीच तर पुढची सगळी भानगड. सोळा आणे मात्र त्यांनी कधी कशाला दिले नाहीत. कोणी विचारलं तर म्हणत, "सोळा आणे नक्की अशी एकच गोष्ट असते, आणि तिच्यासाठी डॉक्टर लागत नाही."

एकदा माझ्यासमोर दिंडोरीकडची एक बाई आली होती. पोटाच्या दुखण्याने वर्षभर बेजार.

"डाक्टर, बरं व्हईल नव्हं?"

"मावशी, या काढ्याचे पाच आणे."

"आन् बाकीचे आकरा?"

"ते तुमच्या अंगात असतील तर आहेत."

बाई विचारात पडली. मग म्हणाली, "त्यातले दोन माझ्या भावाचे धरा. सासरी कोनी लक्ष देईना, त्यानं बैलगाडीत घालून आनली मला."

डॉक्टरांनी गंभीरपणे मान हलवली आणि पाचच्या गोलाबाहेर बारीक अक्षरात लिहिलं, 'भाऊ, दोन.'

आता माझ्याबद्दल. आरोग्य खात्याच्या कचेरीत येण्याआधी मी एका तालुक्याला महसूल खात्यात कारकून होतो. तिथे आणेवारी हा आमचा रोजचा शब्द. पीक किती आलं याचा गावोगावचा अंदाज आण्यांत मांडायचा. बारा आणे म्हणजे पीक उत्तम, चार आणे म्हणजे दुष्काळ जाहीर. पण हे आणे शेतापेक्षा आमच्या टेबलावरच जास्त पिकत. वरून निरोप आला की पाचाचे सात होत, दुसरा निरोप आला की साताचे चार. शाई तीच, हात माझा. यात काही पाप आहे असं आम्हांला कोणालाच वाटत नसे. आकडा हा माणसाच्या सोयीसाठी असतो, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. त्यामुळे मला डॉक्टरांचे आणे ऐकून पहिल्यांदा वाटलं, हा आपल्याच जातकुळीचा माणूस दिसतो. माणूस ओळखण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही, तो असा.

मी त्यांच्याकडे गेलो तो नाकाच्या शेंड्यावरची चामखीळ घेऊन. माझं लग्न ठरत होतं. म्हणजे, ठरता ठरता दोनदा मोडलं होतं, आणि आईच्या मते दोन्ही वेळा चामखिळीमुळे. माझ्या मते एकदाच.

"तीन आणे," डॉक्टर म्हणाले.

"एवढेच? डॉक्टर, रविवारी मुलगी बघायला जायचंय."

"मग रविवारपर्यंत दीड."

चामखीळ महिन्याने गळून पडली. मी पेढे घेऊन गेलो आणि दवाखान्यात भरल्या बाकांसमोर त्यांचा जयजयकार केला. डॉक्टरांनी माझं नाक भिंगातून पाहिलं, जुना केसपेपर शोधून काढला आणि लिहिलं, 'पडली. कशाने ते माहीत नाही.' तिनाचे चार आणेसुद्धा केले नाहीत. मी म्हटलं, "अहो, ढळढळीत गुण आलाय!" तर म्हणाले, "सरकार, माझ्याकडे न येता किती जणांच्या पडल्या ते आधी आणून द्या." मला ते 'सरकार' म्हणत. मी खात्यातला कारकून आहे हे कळल्यापासून.

दवाखान्यात तीन कपाटं होती. त्यांवर त्यांनी स्वतःच्या हाताने पट्ट्या चिकटवल्या होत्या. पहिल्यावर 'मला माहीत आहे', दुसऱ्यावर 'दुसऱ्यांना माहीत आहे' आणि तिसऱ्यावर 'कोणालाच माहीत नाही'. पहिल्यात इंग्रजी औषधं, दुसऱ्यात काढे, चूर्णं आणि साबुदाणा. तिसऱ्यात पेशंटांनी प्रेमाने आणून दिलेल्या वस्तू असत. त्र्यंबकचा अंगारा, सुरगाण्याकडच्या भगताची मुळी, कोणा फकिराचा ताईत. तिसऱ्यातलं ते कोणाला देत नसत आणि टाकूनही देत नसत.

लांबून येणाऱ्या पेशंटला ते औषधाबरोबर एक कोरं पोस्टकार्ड देत. त्यावर दवाखान्याचा पत्ता आधीच लिहिलेला. सांगत, "बरं वाटलं तर टाकू नका. नाही वाटलं तर टाका." आता ज्याला बरं वाटलं नाही तो माणूस शिव्या घालेल, पत्र कशाला टाकेल? पण लोक टाकत. पेठच्या बाजूचा एक म्हातारा दर दोन महिन्यांनी कोणाकडून तरी लिहून घेऊन पाठवी, 'डॉक्टरसाहेब, गोळ्यांनी काहीच फरक नाही. तब्येतीस जपावे. दिवाळीनंतर येतो.' डॉक्टर ही पत्रं दुपारी जेवणानंतर वाचत आणि आपल्या मोठ्या नोंदवहीत त्या त्या औषधाचा एखादा आणा कमी करत. त्या वेळी त्यांचा चेहरा मी पाहिला आहे. देवळात माणूस चूक कबूल करतो तेव्हा असा दिसत असावा.

"तुमचं शिक्षण इंग्रजी औषधांचं," मी एकदा विचारलं, "मग ज्याची खात्री नाही ते देता कशाला?"

त्यांनी वर बघितलं. वर काकू राहत, त्यांच्या पत्नी. संधिवाताने बोटं आकसलेली. अकरा वर्षांत दवाखान्याचा जिना उतरल्या नव्हत्या. "माझं शास्त्र संपतं म्हणून दुखणं थोडंच संपतं," डॉक्टर म्हणाले. "पुढेही माणूस बसलेलाच असतो समोर. त्याला काही नाही म्हणून उठवायचं, की तीन आणे आहेत म्हणून सांगायचं? खोटं बोलायचं नाही एवढंच आपल्या हातात."

काकूंना पहिल्या कपाटातलं सगळं देऊन झालं होतं. दुसऱ्यातल्या एका लेपाने त्यांना रात्री झोप लागे. त्याला डॉक्टरांनी दोन आणे दिले होते. मी काकूंना ते सांगितलं तर हसून म्हणाल्या, "लग्नाच्या वेळी मला किती दिले होते कोण जाणे."

लोकांना मात्र ही पद्धत पचायची असं नाही. कितीतरी पेशंट आण्यांचा आकडा ऐकून उठून जात. पलीकडच्या गल्लीत एक गृहस्थ बसत; त्यांच्या पाटीवर 'खात्रीशीर इलाज' असं लिहिलेलं होतं आणि त्यांच्याकडे प्रत्येक दुखण्यावर एकच लाल इंजेक्शन मिळे. तिथे रांग असे. डॉक्टर ती रांग खिडकीतून बघत आणि खिडकी लावून घेत.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी शेवटी आमच्या कचेरीत वरून हुकूम आला. ज्याची ज्या पद्धतीत नोंदणी, त्याने तीच औषधं द्यावीत. वैद्याने इंजेक्शन देऊ नये, एमबीबीएसने काढे उकळू नयेत. चौकशी करून अहवाल पाठवावा. हुकूम काही वाईट नव्हता, त्या लाल इंजेक्शनवाल्यासाठी तर तो हवाच होता. पण लाल इंजेक्शनवाल्याची मुळात कुठेच नोंदणी नव्हती, त्यामुळे तो आमच्या यादीतच बसेना. यादीत असतात ती नियमाने वागणारी माणसं. सापडतात तीच.

आणि त्याच सुमाराला मनमाडहून एक निवृत्त रेल्वे गार्ड कचेरीत आले. गुडघे धरून, लालबुंद होऊन.

"दोन गाड्या बदलून आलो मी! आणि हा डॉक्टर मला तोंडावर सांगतो, चार आणे! अहो, मी तीस वर्षं हिरवा बावटा दाखवला. कधी ड्रायव्हरला म्हटलं नाही की बाबा रे, पूल शाबूत आहे याची मला चार आणे खात्री आहे!"

त्यांना तक्रार द्यायची होती. मी त्यांची पुष्कळ समजूत घातली, पाणी दिलं, आमच्या कॅन्टीनचा चहा दिला. ऐकेनात. शेवटी म्हणाले, "माझा हात कापतो, तुम्हीच लिहून द्या." कचेरीत माझं अक्षर सगळ्यांत चांगलं. अडल्यानडल्याचे अर्ज मीच लिहून देई. मी मनात म्हटलं, हा कागद आपल्याच टेबलावर येणार, आपणच तो फायलीच्या तळाशी घालू. म्हणून लिहायला बसलो. पण एकदा हातात टाक आला की मला थांबवत नाही. 'जनतेच्या जिवाशी चाललेला हा खेळ' हे शब्द माझे. 'उच्चविद्याविभूषित असूनही' हेही माझंच. गार्डसाहेबांनी वाचून डोळे पुसले. मग तो अर्ज त्यांनी माझ्याकडे न देता, सरळ साहेबांच्या खोलीत नेऊन दिला.

साहेबांना अहवालासाठी एक तरी प्रकरण हवंच होतं. दोन महिन्यांत पत्र आलं. तीन डॉक्टरांची समिती नाशकात येऊन सुनावणी घेणार. डॉक्टरांनी गेल्या वर्षभरात दिलेल्या औषधांचा तक्ता सादर करावा. दोष सिद्ध झाला तर नोंदणीतून नाव निघणार. म्हणजे दवाखाना बंद.

पत्र घेऊन मीच गेलो. तक्रार कोणी लिहिली हे सांगितलं नाही. डॉक्टरांनी पत्र दोनदा वाचलं.

"एवढा तक्ता कोण करणार, सरकार? मला पेशंट आहेत."

"मी करतो ना! तुम्ही फक्त वही द्या. आणि या कोऱ्या कागदांवर खाली सह्या करून ठेवा, म्हणजे मी वर भरतो. अशीच रीत असते."

कोऱ्या कागदावर सही! जो माणूस औषधाला चौथा आणा देताना चार दिवस विचार करी, त्याने माझ्यासमोर बावीस कोऱ्या कागदांवर सह्या केल्या. मला वाटतं, माणसांची आणेवारी करायला त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.

ती वही घेऊन मी कचेरीच्या दप्तरखान्यात बसलो आणि जेवणाच्या सुट्टीत रोज थोडं थोडं उतरवू लागलो. पहिल्याच पानावर मी टाक खाली ठेवला. दोन आणे, तीन आणे, पाच आणे. एका ठिकाणी तर 'अर्धा आणा, पण बाई फार रडत होती'. मी म्हटलं, हे वाचून समिती काय म्हणेल? ज्यावर स्वतःचा विश्वास नाही ते औषध हा डॉक्टर लोकांना देतो, आणि तसं लिहूनही ठेवतो! हा तर कबुलीजबाबच झाला. माणूस आपल्या हाताने फासावर चढतोय, आणि दोरी मी उतरवून घेतोय.

तेव्हा माझ्यातला जुना महसूल कारकून जागा झाला. आकडा माणसाच्या सोयीसाठी असतो. मी अडुळशाच्या काढ्याला सोळा आणे दिले. साबुदाण्याला सोळा. काकूंच्या लेपाला सोळा. सगळीकडे सोळा दिसले तर संशय येईल म्हणून मधूनमधून, कलाकुसर म्हणून, पंधरा घातले. बावीस पानं झाली. इतकं सुबक काम माझ्या हातून पुन्हा झालं नाही. वही डॉक्टरांना परत केली आणि समितीकडे तक्ता पाठवून दिला. घरी बायकोला म्हटलं, आज एका सज्जन माणसाला वाचवलं. चामखीळ गेल्यावर मिळालेली बायको. तिने मला जास्तीचा लाडू दिला.

सुनावणी सरकारी विश्रामगृहात होती. दुपारची वेळ, वर पंखा करकरत होता. मी भिंतीला टेकून फायली सांभाळत उभा. अध्यक्ष म्हणजे मुंबईचे एक वयस्कर सर्जन. थकलेले, मृदू बोलणारे. त्यांनी तक्ता चाळला, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"डॉक्टर, ही या लेपाची नोंद. सोळा आणे म्हणजे काय?"

डॉक्टर पुढे झाले. कागद हातात घेतला. मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. ते वाचत होते तोवर मी त्यांच्या मानेकडे बघत होतो. ती हळूहळू खाली गेली.

"सोळा आणे म्हणजे पूर्ण खात्री," ते म्हणाले.

"या सगळ्या औषधांची तुम्हांला पूर्ण खात्री आहे?"

"नाही."

"मग लिहिलंत कसं?"

"अक्षर माझं नाही."

"सही?"

"सही माझी आहे."

समितीतले दुसरे सदस्य एकदम सावध झाले. "मग आकडे कोणी भरले? मूळ नोंदवही असेल ना तुमच्याकडे? ती आणा, आत्ता स्पष्ट होईल."

वही त्यांच्या पिशवीत होती. मला दिसत होती, काळ्या पुठ्ठ्याची, बाकावर, त्यांच्या मांडीला लागून. ती उघडली असती तर पाच मिनिटांत सगळं कळलं असतं. आणि माझी नोकरी त्याच भिंतीपाशी संपली असती. बनावट दस्तऐवज म्हणजे पुढे पोलीसही. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. पेशंटकडे बघत तसं, काय झालंय ते शोधत. माझी बायको तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती. त्यांना ते माहीत होतं; तीही त्यांच्याकडेच जायची.

मी तोंड उघडायला हवं होतं. ओठ हललेही होते, अशी माझी आठवण आहे. पण आपल्या आठवणींना मी फार तर चार आणे देईन.

"वही आणायची गरज नाही," डॉक्टर म्हणाले. "सही केली म्हणजे आकडे माझेच."

संध्याकाळी अध्यक्षांना स्टेशनवर सोडायला जीपमध्ये मी होतो. नाशिकरोडपर्यंतचा रस्ता. मी म्हटलं, "साहेब, माणूस फार चांगला आहे हो."

"असेल," अध्यक्ष म्हणाले. "आम्ही ठरवून आलो होतो की ताकीद द्यायची आणि सोडायचं. काढे कोण देत नाही? माझ्या घरीही उकळतात. आणि कोणी सांगितलं होतं आम्हांला, की हा पेशंटला स्पष्ट सांगतो, खात्री नाही म्हणून. असा डॉक्टर मला बघायचाच होता." त्यांनी खिडकीची काच वर केली. "पण लेपाला सोळा आणे? साबुदाण्याला सोळा आणे? असा माणूस धोक्याचा."

मी तक्त्याला हात लावला नसता, तर ते सुटणार होते. हे जगात त्या दिवशी एकट्या मलाच कळलं. ज्यांनी सांगितलं त्यांनाही नाही, आणि ते रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले.

निकाल आला. सहा महिने नोंदणी स्थगित. त्यानंतर हमीपत्र दिल्यास पुन्हा चालू. तो हुकूम बजावायला मलाच पाठवलं. पोच घेण्याच्या कागदावर मी कचेरीतून निघतानाच वेळ लिहून टाकली होती, सकाळी दहा. वाटेत मिसळ खायला थांबलो. खोटं कशाला बोलू, त्या दारी जाण्याचं टाळत होतो. दोन मिसळी खाल्ल्या. पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि डॉक्टर एका दमेकरी म्हाताऱ्याच्या छातीला नळी लावून ऐकत होते.

त्यांनी हुकूम वाचला. पोचेचा कागद वाचला. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"म्हणजे दीड तास झाला मला डॉक्टर नसल्याला."

"अहो, ते मी आपलं... तुम्ही बघा ना त्यांना. वेळ काय, बदलता येईल."

"नको," ते पटकन म्हणाले. "तुम्ही आता काही बदलू नका."

त्यांनी कानातली नळी काढली. म्हाताऱ्याला चिठ्ठीही दिली नाही, चिठ्ठी देणं म्हणजे उपचार. मला म्हणाले, "यांना रिक्षाने सरकारी दवाखान्यात नेता का?" मी नेलं. म्हातारा वाटभर विचारत होता, "माझं काय चुकलं? डाक्टर रागावले का?"

सहा महिन्यांनी हमीपत्राचा छापील नमुना घेऊन मी गेलो. 'ज्या पद्धतीत माझी नोंदणी आहे तिच्यावर माझा पूर्ण विश्वास असून, अन्य कोणत्याही पद्धतीचे औषध मी देणार नाही.' खाली सही.

"दुसरा भाग मान्य," डॉक्टर म्हणाले. "काढे बंद, साबुदाणा बंद. पहिला भाग खोडा."

"छापील आहे डॉक्टर. खोडता येत नाही."

"देऊ नका म्हणा, देत नाही. पूर्ण विश्वास ठेवा म्हणू नका. पेनिसिलिनलाही मी चौदा देतो."

मी तीनदा गेलो. हातापाया पडलो. साहेबांना विचारलं, 'पूर्ण' हा शब्द गाळता येईल का; साहेब म्हणाले, तुम्ही कारकून आहात की वकील? तिसऱ्या खेपेला काकूंनी वरून मला हाक मारली. जिन्यातच उभा राहिलो. म्हणाल्या, "नका येऊ आता. तुम्ही गेलात की ते दिवसभर जेवत नाहीत." खाली आलो तर डॉक्टर म्हणाले, "या वेळी कोरे कागद नाही आणले?" त्यांच्या तोंडून मी ऐकलेला हा एकच टोमणा. आणि तो मारल्याबद्दल लगेच त्यांनीच माझी माफी मागितली.

नोंदणी गेली ती गेलीच. पाटी उतरली. पलीकडच्या गल्लीतली रांग आणखी लांब झाली.

वर्ष उलटलं असेल. कचेरीत पुन्हा एक निनावी पत्र आलं, या दवाखान्यात बंदी असूनही पेशंट येतात, चौकशी व्हावी. चौकशीला कोण? मीच.

सकाळी गेलो तर बोळात खरंच माणसं होती. दहाबारा जण, बहुतेक पेठ-दिंडोरीकडचे. आत कपाटांना कुलपं. टेबलावर काही नाही. नळी नाही, कागद नाही, पेन नाही. डॉक्टर खुर्चीत ताठ बसलेले, दोन्ही हात पाठीमागे बांधलेले. समोरचा माणूस आपलं दुखणं सांगत होता. कुठे दुखतं, केव्हापासून, झोप लागते की नाही, सून काय म्हणते. डॉक्टर ऐकत होते. त्यांचं सगळं शरीर ऐकत होतं. सांगून संपलं की ते मान हलवत, माणूस उठे, दुसरा बसे. एक शब्द नाही. सल्ला हाही उपचारच, आणि उपचाराला बंदी होती.

"कशाला येता मग?" मी शेजारच्या बाईला विचारलं.

"दुसरीकडं कोन आयकतं?" ती म्हणाली. "सांगाया लागलं की सुई टोचत्यात."

मी बाकावर बसून राहिलो. चौकशीसाठी आलोय म्हणून सांगायचं राहून गेलं. माणसं सरकत गेली, तसा मीही सरकत गेलो आणि शेवटी त्यांच्या समोरच्या स्टुलावर आलो. त्यांनी मला ओळखलं. पण 'या सरकार' म्हणाले नाहीत. नुसते बघत राहिले, सगळ्यांकडे बघत तसे.

मी सांगितलं. तक्रारीची भाषा माझी होती, तिथून सुरुवात केली. मग जीप. मग अध्यक्ष काय म्हणाले ते, शब्दन् शब्द. की ते सोडणारच होते. की तुमच्या दोन आण्यांवर आणि तीन आण्यांवरच ते तुम्हांला सोडणार होते. मी इतके दिवस झोपेत हे वाक्य वेगवेगळ्या तऱ्हांनी म्हणून पाहिलं होतं. प्रत्यक्षात ते फार लहान निघालं.

डॉक्टरांचा चेहरा मी अगदी जवळून पाहत होतो. एकदा ओठ उघडले. मग मिटले. शिवी दिली असती, माफ केलं असतं, उठून मारलं असतं तरी चाललं असतं. त्यांचे पाठीमागचे हात किती घट्ट आवळले होते ते खांद्यांवरून कळत होतं. त्यांनी, इतरांचं ऐकून हलवत तशीच, मान हलवली. आणि माझ्या मागच्या म्हातारीकडे पाहिलं.

मी उठलो.

कचेरीत येऊन अहवाल लिहिला. जागेची समक्ष तपासणी केली. सर्व कपाटे कुलूपबंद. औषध, चिठ्ठी अथवा सल्ला दिला जात नाही. येणाऱ्या व्यक्तींवर कोणताही उपचार होत नसल्याचे आढळले. खाली सही केली, आणि या वेळी वेळ बरोबर लिहिली.